एकदाच विचारायचं

महेंद्र रणपिसे सरांनी जन्मात कुणाचं वाकडं केलं नव्हतं. तरीही गेल्या हिवाळ्यात त्यांच्या कृपेनं शिरूर तालुक्यातून कितीतरी पाहुणे उपाशी परतले, दौंड तालुक्यातले एक वजनदार गृहस्थ खाऊन खाऊन आडवे झाले, एका हवालदाराचा चहा बुडाला आणि ठरत आलेली एक सोयरीक भर बैठकीत विस्कटली. सरांचं म्हणणं असं, की यात त्यांचा काडीचा दोष नाही, सगळा दोष अभ्यासक्रमाचा. आता अभ्यासक्रम सरांनीच लिहिला होता हे खरं, पण ते सोडून द्या.

सर न्हावऱ्याच्या अलीकडच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. कॉलेजच्या तिन्ही बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला रस्ता, आणि तोडणीच्या दिवसांत त्या रस्त्यावरही ऊसच. नव्या धोरणात प्रत्येक कॉलेजानं काहीतरी जास्तीचं शिकवायचं ठरलं, तेव्हा कुणी योगासनं उचलली, कुणी मोबाइल दुरुस्ती उचलली. उरली 'सांस्कृतिक बुद्धिमत्ता', दोन क्रेडिट. ती प्राचार्यांनी सरांच्या गळ्यात घातली.

"म्हणजे नेमकं काय शिकवायचं?" सरांनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा हो. मला फक्त शुक्रवारी वर पाठवायचंय."

सरांनी ठरवलं. दुसऱ्याच्या मुलखात गेल्यावर तिथल्या माणसाच्या रीतीनं वागता येणं, ही सांस्कृतिक बुद्धिमत्ता. पोरांना ते पटलं. सार्थक नावाचा एक विद्यार्थी, जो संस्थेचे अध्यक्ष सावळाराम आबा यांचा नातू असल्यामुळे पहिल्या बाकावर बसून झोपायचा, तो सुद्धा जागा होऊन म्हणाला, "म्हंजी सर, दौंडला गेलं की दौंडवाल्यांसारखं?"

"तसंच," सर म्हणाले, "पण जरा लांबचं."

हे लांबचं प्रकरण खरोखरच अंगावर आलं. हॉलंडमधल्या एका विद्यापीठानं करार केला: हा कोर्स नीट चालवा, तुमच्या एका विद्यार्थ्याला आम्ही सहा महिने आमच्याकडं ठेवून घेऊ. तिकीट त्यांचं, राहणं त्यांचं, जेवण त्यांचं. अट एकच. तिकडच्या एक मॅडम येऊन कोर्स डोळ्यांनी बघणार, आणि त्यांनी मान हलवली तरच पोर विमानात बसणार. निवड झाली इनामगावच्या दीक्षा ओव्हाळची.

दीक्षा वर्गात पहिली येत होती, पण तिचं नाव लागलं तेव्हा सरांना झालेला आनंद त्याहून मोठा होता. तिची आई रांजणगावच्या कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. घरात बाबासाहेबांचा फोटो होता, सूट घातलेला, हातात पुस्तक. परदेशी शिकायला जाणं म्हणजे काय असतं हे त्या घराला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आजोबा म्हाळूबाबांनी तर बातमी ऐकून नवा सदरा शिवायला टाकला, जसं काही विमानात तेच बसणार होते. आता मॅडम नको म्हणाल्या तर?

सरांनी हॉलंडबद्दल वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता एका जागी ते एवढे दचकले, की हातातला चहा पँटवर सांडला. तिकडं म्हणे पाहुण्याला एकदाच विचारतात. घेणार का? नको म्हणालात, संपलं. बशी आत. आग्रह नाही, शपथ घालणं नाही, 'माझ्या हातचं एक तरी' नाही, काही नाही.

आणि दीक्षा? दीक्षा म्हणजे कॉलेजच्या गॅदरिंगला समोसा तीनदा नाकारून चौथ्या वेळची वाट बघत बसलेली पोरगी. वाढणाऱ्या पोरांना चौथ्यांदा विचारायचं सुचलं नाही, आणि ती संध्याकाळच्या एसटीनं उपाशी घरी गेली होती. ही हॉलंडात सहा महिने काय खाणार?

सरांनी वर्गात गृहपाठ जाहीर केला. पंधरा दिवस, घरात, दारात, पाहुण्यात, सगळीकडं डच रीत पाळायची. कुणालाही काहीही एकदाच विचारायचं. 'नको' आलं की विषय बंद. आणि दुसरं, मनात असेल ते थेट बोलायचं, आडून आडून नाही. जो पाळणार नाही त्याचे दोन्ही क्रेडिट गेले.

गृहपाठ समजावायला सर इनामगावला दीक्षाच्या घरीही जाऊन आले. म्हाळूबाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, आमच्या आज्याच्या टायमाला वरच्या आळीच्या लग्नात आमाला कोन एकदाबी इचारीत न्हवतं. पंगत उठल्यावर जे उरंल ते. आन् तुमी एकदा का तीनदा, याचा अभ्यास लावलाय व्हय!"

सर हसले. मग त्यांना स्वतःचेच आजोबा आठवले आणि हसू विरून गेलं. पण गृहपाठ म्हणजे गृहपाठ. तो मागं घेता येत नाही, तेवढा प्राध्यापकाचा ताठा त्यांच्यात होता.

पहिला बळी खुद्द सर पडले. त्यांच्या पत्नी गौतमी झेडपीच्या शाळेत शिक्षिका. नवरा कॉलेजात जे शिकवतो ते घरात वापरून बघायची त्यांना जुनी खोड होती. रात्रीच्या जेवणाला वांग्याचं भरीत होतं.

"भरीत वाढू?" गौतमीताईंनी विचारलं.

"नको," सर म्हणाले.

भरताचं पातेलं उचललं गेलं, झाकलं गेलं आणि ओट्यावर गेलं. सरांचा घास हातात राहिला. आता सरांच्या पहिल्या 'नको'चा अर्थ गेली अठरा वर्षं ठरलेला होता. पहिला नको सभ्यतेचा, दुसरा डॉक्टरांसाठी, आणि तिसऱ्या वेळी ताट पुढं. हे गौतमीताईंना माहीत नव्हतं असं थोडंच आहे!

"अगं..."

"थेट बोलायचं ठरलंय ना?" गौतमीताई म्हणाल्या. "थेट मागा."

आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटावर बसून, स्वतःच्या तोंडानं भरीत मागायचं? सरांनी कोरडी भाकरी पाण्याबरोबर गिळली आणि अभ्यासक्रम परिणामकारक असल्याचं समाधान मानलं. शेजारच्या गिताबाई काकूंना भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना गाठून सल्ला दिला, "सर, बायकुशी भांडान असलं तर चूक आपल्याकडं घ्यावी. भरतासाठी अब्रू घालवू ने."

तिकडं इनामगावात दीक्षाच्या पासपोर्टसाठी हवालदार घरी आले. नाव, पत्ता, शेजाऱ्यांचे जबाब, सगळं रीतसर झालं. दीक्षा म्हणाली, "साहेब, चहा घेणार?"

"कशाला उगाच तरास," हवालदार म्हणाले, आणि टोपी काढून खाटेवर नीट मांडी घालून बसले.

"बरं," दीक्षा म्हणाली.

हवालदार बसले. दीक्षा उभी. कोंबड्या अंगणातून गेल्या, परत आल्या. हवालदारांनी हवेचा विषय काढला, मग उसाच्या भावाचा, मग टोपी झाडली, घातली आणि गेले. पुढं कितीतरी दिवस पासपोर्टचा कागद हलेना. चौकशी केली की उत्तर यायचं, "शेरा बाकी आहे." शेवटी सरांनी त्या हवालदारांना टपरीवर नेलं, पाच वेळा नको म्हणेपर्यंत आग्रह केला, सहाव्या वेळी त्यांनी "अर्धाच" म्हणून तीन कप घेतले, आणि त्याच दुपारी शेरा झाला. अर्धा शेराही नाही, पूर्ण.

एवढ्यावर सगळं थांबलं असतं तर सरांनी या कोर्सवर पेपरही वाचला असता. पण मग सार्थकची बहीण अनिता हिला बघायला यवतचे पाहुणे आले.

पाहुणे मोठे. हायवेवर मुलाचं हार्डवेअरचं दुकान, मागं बागायत. बरोबर मुलाचे मामा रखमाजी, कारण त्यांनी मान डोलावल्याशिवाय त्या घरात गाईचं दावंही बदलत नसत. इकडं आबा पेढे आणायला म्हणून शिरूरला गेलेले, आणि येताना पुढं उसाची ट्रॉली उलटल्यामुळं वाटेतच अडकलेले. सार्थकचे वडील शब्दाला महाग. पाहुण्यांपुढं बसले की सतरंजीची नक्षी मोजतात. कारभार आला सार्थकच्या हातात, आणि सार्थकला जन्मात पहिल्यांदाच एखादा गृहपाठ मनापासून करावासा वाटला होता.

"मामा, पोहे?" ट्रे पुढं धरून सार्थकनं विचारलं.

"न्हाई न्हाई, आत्ताच झालंय," रखमाजी मामा म्हणाले आणि हात अर्धवट पुढं केला, म्हणजे दुसऱ्या वेळी बशी धरायला बरं.

सार्थकनं ट्रे फिरवला. "काका, तुम्हाला?" "कशाला आता." "मावशी?" "ऱ्हाऊ दे रं." सगळ्यांनी रीतीप्रमाणं नकार दिला आणि सार्थक भरलेला ट्रे घेऊन रीतीप्रमाणं आत गेला. स्वयंपाकघरात आजी धुरपदाबाई कढईत भज्यांचा तिसरा घाणा सोडत होत्या. त्यांनी भरल्या बशा बघितल्या.

"आरं, परत का आनलं?"

"नको म्हणाले."

"आन् तू आयकलंस?" धुरपदाबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. "मुडद्या, नको म्हंत्यातच की मानसं! व्हय म्हनायला त्ये काय भुकेले हाईत का?"

"आजी, दोन क्रेडिट आहेत."

धुरपदाबाईंनी क्रेडिट म्हणजे काहीतरी कर्जाची भानगड आहे असं समजून कपाळाला हात लावला. तोपर्यंत बाहेर रखमाजी मामांनी, भुकेल्या माणसाला येतो तो कोरडा खोकला काढून, चौकशीला सुरुवात केली होती.

"पोरीला सैपाक कसा काय येतो?"

"बेताचाच," सार्थक थेट बोलला. "पोहे आजीनं केलेत. तुम्ही खाल्ले नाहीत ते बरं, मीठ जास्त झालंय."

आतल्या खोलीत अनिताला हसू आवरेना. तिनं पदर तोंडात कोंबला, आणि आजीनं तिच्याकडं असं बघितलं, की बघण्यानं माणूस मरत असतं तर कोर्सही तिथंच संपला असता.

पाहुणे पाणी पिऊन उठले. चौफुल्याच्या एका ढाब्यावर त्यांच्या दोन्ही गाड्या थांबल्या, आणि तिथं त्यांनी काय काय मागवलं, ही बातमी आबा घरी पोचायच्या आत गावात पोचली.

दुसऱ्या दिवशी आबा कॉलेजात आले. त्यांच्या पायातल्या वहाणा नेहमी वाजतात, त्या दिवशी वाजल्या नाहीत. सरांनी ओळखलं, की आज खरं आहे.

"सर, तुमचा कोर्स किती क्रेडिटचा?"

"दोन, आबा."

"आन् माजी नात घरात बसली तर किती क्रेडिटची?"

सर उभेच होते, ते आणखी उभे राहिले.

"आमच्या दारातनं आजवर वासरू उपाशी गेलं न्हाई," आबांचा आवाज कापत होता, रागानं कमी आणि लाजेनं जास्त. "यवतचा पाहुणा ढाब्यावर जेवला! पोरं काय म्हंत्यात ठाव हाय का? सावळारामआबाच्या घरी पानी भारी मिळतं म्हंत्यात. बंद करा तो कोर्स. आजच्या आज."

"आबा, मॅडम गुरुवारी येतायत," सर म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण तो थांबला नाही. "कोर्स बंद दिसला तर ओव्हाळांच्या दीक्षाचं जाणं रद्द होईल. माझं काय व्हायचं ते होऊ द्या. पण त्या पोरीचं नका करू. त्या घरातनं पहिल्यांदा कुणीतरी चाललंय हो."

आबा खिडकीतून उसाकडं बघत राहिले. चिडले तरी माणूस दगडाचा नव्हता. शेवटी म्हणाले, "गुरवारपत्तूर चालू द्या. पन त्या दिशी मी यवतकरांना बी बोलावतो. बाईच्या सत्काराला म्हनून. मासवडीचं जेवान करतो. त्यांना पोटभर जेवाय घालायचं, माजी झालेली बेअब्रू धुऊन काढायची. त्यात कमी झालं तर कोर्स बी बंद आन् तुमी बी हितनं दुसरीकडं बघा."

झालं. दीक्षाचं विमान, आबांची अब्रू आणि सरांची नोकरी, तिन्ही एका पंगतीत येऊन बसली.

मधले दिवस सल्ल्यांचे गेले. गिताबाई काकू म्हणाल्या, बाईच्या रश्श्यात मिरची घालू नका, तिकडचं पोट कापसाचं असतं. प्राचार्य म्हणाले, फेटा बांधूच, पण डोक्याचा साइज आधी ईमेलवर मागवा. सरांच्या सासुरवाडीहून, म्हणजे केंदूरहून, फोन आला की टेबल-खुर्ची पाहिजे, परदेशी माणसाचे गुडघे वाकत नाहीत. सरांनी सगळ्यांना हो म्हटलं आणि स्वतःचं डोकं चालवलं, जे त्यांनी खरं तर चालवायला नको होतं.

गुरुवारी सकाळी त्यांनी पोरांना उभं केलं. "नीट ऐका. टेबलावर मॅडम. तिथं डच रीत. एकदा विचारायचं, नको म्हणाल्या की मागं फिरायचं. हीच आपली परीक्षा आहे. आणि सतरंजीवर यवतची पंगत. तिथं आपली रीत. तीनदा विचारल्याशिवाय सोडायचं नाही, नको म्हटलं तरी वाढायचं. चुकून इकडचं तिकडं झालं तर मी तुमचं तोंड बघणार नाही."

सार्थकनं हात वर केला. "सर, यवतवाले पहिल्याच वेळी हो म्हणाले तर?"

"आपली माणसं आहेत ती," सर हसून म्हणाले. "पहिल्या वेळी हो कोण म्हणतंय?"

मॅडम आल्या. नाव मारीके, उंची दाराच्या चौकटीएवढी. अंगात सलवार-कमीज. कॉलेजच्या फाटकाशीच त्यांनी चपला काढल्या आणि त्या हातात घेऊन अनवाणी खडीवरून चालत आल्या. दोन्ही हात जोडून त्या सगळ्यांना, अगदी उभ्या मोटारसायकललाही, नमस्कार करत होत्या. कार्यालयात शहाळं पुढं केलं तेव्हा त्या चक्क मराठीत म्हणाल्या, "नको, नको."

पोरानं शहाळं परत नेलं. सरांचा ऊर भरून आला. त्यांनी प्राचार्यांच्या कानात सांगितलं, "बघितलंत? नकाराचा मान." शहाळं दाराबाहेर जाईपर्यंत मॅडमची नजर त्याच्यावर होती, पण ते सरांच्या ध्यानात आलं नाही.

कॉलेजच्या पटांगणात मांडव होता. एका बाजूला टेबल, मॅडम, त्यांच्या मानेवर सरकलेला फेटा आणि वाढायला दीक्षा. दुसऱ्या बाजूला यवतची पंगत, मधोमध रखमाजी मामा आणि वाढायला सार्थकची फौज. आबा दोन्हींच्या मध्ये कंबरेवर हात ठेवून उभे.

दीक्षानं मासवडी पुढं धरली. "मॅडम?"

"नको, नको," मॅडम गोड हसल्या.

दीक्षा मागं झाली. भाकरी आली. "नको, नको." भाकरी गेली. रस्सा आला, त्याचा वास मांडवभर फिरला, मॅडमनी डोळे मिटून तो घेतला आणि म्हणाल्या, "नको." ताटात चटणी, लिंबाची फोड आणि मीठ. मॅडमनी लिंबू चाटलं.

सर लांबून अंगठा दाखवत होते.

तिकडं यवतकरांनी येताना गाडीतच ठराव केला होता: मागच्यासारखं व्हायचं नाही, ह्या वेळी पहिल्याच फटक्यात व्हय म्हणायचं. "मामा, मासवडी?" "व्हय, वाढ!" सार्थक चमकला. पण सरांनी तीनदा विचारायला सांगितलं होतं. "मामा, घ्याच!" "आरं व्हय म्हटलं की!" आणखी चार वड्या. "मामा, लाजू नका!" आणखी चार. मामा म्हणाले, "आता बास." नको म्हटलं तरी वाढायचं होतंच. व्हय म्हटलं तरी वाढत होते, नको म्हटलं तरी वाढत होते. मामांनी ताटावर हात आडवा धरला, तर रस्सा बोटांमधून वाढला. त्यांनी गप्प बसून बघितलं, तर मौनाला संमती धरून भाकरी आली. थोड्या वेळानं मामा हळूच मागं कलले आणि मांडवाच्या खांबाला टेकून वर बघत राहिले. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"आता कसं!" आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्याला म्हंत्यात पाहुनचार."

टेबलापाशी दीक्षा खिरीची वाटी घेऊन आली होती. तिला आता 'मॅडम?' एवढंच म्हणायचं होतं. पण तिनं वाटीकडं बघण्याऐवजी मॅडमच्या डोळ्यांकडं बघितलं, आणि तिला गॅदरिंगचा समोसा आठवला. ही नजर तिच्या ओळखीची होती. नियम मोडला तर कोर्स गेला, कोर्स गेला तर विमान गेलं. सर लांबून मानेनं 'एकदाच, एकदाच' करत होते. दीक्षानं खुर्ची ओढली, मॅडमच्या शेजारी बसली आणि इंग्रजीत विचारलं, "मॅडम, वाढू का, ते राहू द्या. भूक लागलीय का?"

मॅडमचा चेहरा रडवेला झाला. "खूप," त्या म्हणाल्या. "सकाळपासून."

मग सगळं बाहेर आलं. इकडं येण्याआधी मॅडमनी तिकडं भारतावरचा कोर्स केला होता. त्यात शिकवलं होतं, की भारतात पहिल्यांदा हो म्हणणं असभ्य. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्या वेळी लाजत घ्यायचं. "पण तुम्ही कुणी दुसऱ्यांदा विचारतच नाही," मॅडम म्हणाल्या. "सकाळी शहाळं गेलं तेव्हाच मला वाटलं, मी आलेली तुम्हाला आवडलेली नाही."

दीक्षानं हे मोठ्यानं मराठीत सांगितलं. सर खुर्ची शोधू लागले.

पहिलं हसू धुरपदाबाईंचं. "आगं बया! ही तर आपल्यातलीच निघाली!" म्हणत त्या मासवडीची परात घेऊन स्वतः उठल्या. त्यानंतर मॅडम अशा जेवल्या, की कापसाचं पोट म्हणणाऱ्या गिताबाई काकूंनी आपले शब्द परत घेतले. मिरचीचा रस्साही मॅडमनी मागून घेतला, थेट.

इकडं रखमाजी मामांना कुणीतरी ओवा चारला होता. आवाज फुटल्याबरोबर ते म्हणाले, "आबा, मागलं इसरलो. असा पाहुनचार उभ्या दौंड तालुक्यात न्हाई. पोरगी पसंत."

आबा पेढ्याच्या पुड्याकडं वळले, आणि मध्येच थांबले. त्यांची नजर टेबलाशी बसलेल्या दीक्षाकडं गेली. एवढ्या मोठ्या गोंधळाचा गुंता त्या पोरीनं एका साध्या प्रश्नानं सोडवलेला त्यांनी बघितला होता. मग ते बायकांत बसलेल्या अनिताकडं वळले. बघण्याचा कार्यक्रम होऊन गेला, सोयरीक विस्कटली, परत जुळत आली, आणि या सगळ्यात त्या पोरीला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"आनिता," आबा म्हणाले, "तुला पसंत हाय का?"

"नको, आबा," अनिता म्हणाली. "आत्ता नको. मला बी.एड. करायचंय."

सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, पोरी असंच म्हणत असतात. आणखी दोनदा विचारा. आबांनी सरांकडं बघितलं.

"सर, हे एकदाच इचारायचं का तीनदा?"

सरांची नोकरी त्या क्षणी पेढ्याच्या पुड्याएवढ्याच उंचीवर लटकत होती. पण आपला गृहपाठ त्यांनीही एकदा तरी करायला हवा होता.

"एकदाच, आबा," सर म्हणाले. "हे एकदाच."

आबांनी पुडा उघडला आणि पहिला पेढा मामांपुढं धरला. "सोयरीक न्हाई, मामा. पन गोड करून जावा." मामांनी पेढ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात जोडले. त्यांचा नकार मात्र सगळ्यांनी पहिल्याच वेळी मान्य केला.

मॅडम जाताना सरांना म्हणाल्या, "तुमचा कोर्स नापास करावासा वाटतो. पण मग माझाही करावा लागेल." आणि त्यांनी मान हलवली. ती आडवी हलली का उभी यावर प्राचार्य अजून वाद घालतात, पण महिन्याभरात दीक्षाचं तिकीट आलं.

ती पोचल्यावर पहिला व्हिडिओ कॉल आला तेव्हा सर इनामगावलाच होते. नवा सदरा घालून म्हाळूबाबा फोनसमोर बसले होते. पलीकडं दीक्षाचा चेहरा सुकलेला.

"सर, उपाशी झोपले काल," ती म्हणाली. "मी राहते त्या घरच्या बाईंनी विचारलं जेवणार का. तोंडातनं नको गेलं. त्यांनी भांडं उचललं."

सरांनी डोक्याला हात लावला. पंधरा दिवसांचा गृहपाठ, दोन क्रेडिट, एवढी उलथापालथ, आणि पोरीनं जाऊन नकोच म्हटलं! खरी गोम आता त्यांच्या ध्यानात आली: त्यांनी पोरांना विचारायचं कसं ते शिकवलं होतं, उत्तर द्यायचं शिकवलंच नव्हतं.

म्हाळूबाबा फोनच्या आणखी जवळ सरकले. "घरात आनिक कोन हाय तितं?"

"दोघं पोरं आहेत त्यांची. आणि एक चिनी मुलगी."

"त्यास्नी किती येळा इचारलं?"

"एकदाच, बाबा. सगळ्यांना सारखंच."

"तुला बी तितकंच?"

"हो."

"एका टेबलाव बसवून?"

"हो, बाबा."

म्हाळूबाबांनी उपरण्यानं डोळे पुसले. "मग रडती कशाला?" ते म्हणाले. "इचारत्यात ना? आता व्हय म्हनायला शीक, पोरी. आपल्यात त्ये कुनाला शिकायची येळच आली न्हवती."

फोन बंद झाला तरी कुणी उठेना. शेवटी दीक्षाची आई पदर सावरत दारात आली.

"सर, चहा घेनार?"

सरांच्या ओठांवर सवयीनं 'न' आलाच होता. तो त्यांनी गिळला, ताठ बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "हो. घेणार."

दीक्षाची आई तिथंच थबकली. तिनं म्हाळूबाबांकडं बघितलं, म्हाळूबाबांनी आढ्याकडं बघितलं.

"आता गं बया," ती पुटपुटली, "दूध कुठाय?" आणि पातेली घेऊन शेजारी पळाली.